शब्दाचा पक्का

तिला सगळे तपासनीसबाई म्हणायचे. नोकरीच तशी. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर बसायची, आणि शिवून आलेला सदरा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पेटीत पडत नसे. उसवलेली शिवण, चुकलेलं काज, एक बाही लांब नि दुसरी आखूड, काहीही असो, डोळ्यांच्या आधी तिची बोटं सांगायची. आता ही खोड कारखान्यातच ठेवून घरी येईल तर ती बाई कसली! तिला लांबून येताना बघितलं की भाजीवाला आपणहून नासके टोमॅटो बाजूला काढायचा. गल्लीत कुणाला काही मोठं घ्यायचं असलं, कपाट म्हणा, पंखा म्हणा, की हिला सोबत न्यायचे. "तपासनीसबाई हो म्हणाल्या ना? मग घ्या डोळे झाकून."

अशा बाईच्या तपासणीत एकच खोट होती, आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. जेवणाची ताटं घेताना ती मोजायची. बाबा, म्हणजे सासरे, एक. हे, म्हणजे नवरा, दोन. वन्सं, म्हणजे मोठी नणंद, तीन. लेक, चार. की झालं! चार ताटं मांडून मोकळी. सगळे बसले की नवरा म्हणायचा, "आमच्या तपासनीसबाईंना स्वतःचं ताट दिसत नाही. चष्मा देऊ का?" त्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे हा विनोद त्याला आयता सापडला होता. सगळे हसायचे. तीही हसायची. पाचवं ताट मात्र कुणी उठून आणायचं नाही. ती मागून ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवून घ्यायची.

घर दोन खोल्यांचं. बैठकीत खिडकीखाली सासऱ्यांची खाट आणि शेजारी नवऱ्याची गादी, कारण म्हाताऱ्याला उठताबसता आधार लागायचा. आतल्या खोलीत नणंद आणि लेक. नणंद शिकवण्या घ्यायची, लेकीला परीक्षा, आणि टेबल एकच, त्यामुळे दोघींची रोज जुंपायची. आणि ही? हिचं अंथरूण बैठक आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बोळात. सकाळी गुंडाळलं की तिथे कुणी झोपतं याची खूणही राहत नसे. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, वर मजला चढवायचा.

ठरलं त्या दिवसापासून तिच्या मनात एका गोष्टीने ठाण मांडलं. वर जिना संपतो तिथे, पूर्वेच्या कोपऱ्यात, एक खिडकी होईल. खिडकीपाशी एक खुर्ची राहील. बस, एवढंच! त्या खुर्चीत बसून ती काय करणार होती ते तिलाही माहीत नव्हतं. पण भांडी घासताना, बसची वाट बघताना ती मनातल्या मनात तिथे जाऊन बसायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं म्हणाल, तर लाज वाटायची, दुसरं काय! घरात चार जणांच्या चार अडचणी, आणि आपण खिडकी मागायची?

घर पाहावं बांधून म्हणतात ते उगीच नाही. कंत्राटदारांची नावं पुष्कळ आली. एकाला तिने विचारलं, सिमेंट कोणतं वापरता, पोत्यावरची तारीख बघू देता का, तर तो हवापाण्यावर बोलायला लागला. दुसऱ्याने केलेलं घर बघायला गेली तर न्हाणीघरातलं पाणी मोरीकडे जायचं सोडून दाराकडे धावत होतं. तिसरा म्हणाला, "मी स्वतः कामावर येत नाही, माझी माणसं बघतात." "मग आमची पण माणसंच तुम्हाला हो म्हणतील, मी नाही," असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं. मग कुणीतरी पक्क्यांचं नाव सांगितलं.

खरं नाव काय, कोण जाणे. शब्दाचा पक्का, म्हणून सगळे त्यांना पक्केच म्हणायचे. तिने आपल्या रिवाजाप्रमाणे आधी त्यांचं जुनं काम बघायचं ठरवलं. नुसतं बाहेरून नाही, आत राहणाऱ्या माणसांना भेटून.

पहिलं घर एका निवृत्त साहेबांचं. साहेब गोलमटोल आणि भलतेच खुशीत. त्यांचे दोन मुलगेही बैठकीत बसलेले. "पक्के ना? अहो, बोललो तेच केलं माणसाने! कमी नाही, जास्त नाही." तपासनीसबाईने न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतलं, ते शहाण्या मुलासारखं सरळ मोरीत गेलं. तिने प्रत्येक दार उघडून लावलं, एकही कुरकुरलं नाही. फरशांवर चावी वाजवून बघितली, भिंतींवर बोटाची पेरं आपटली. सगळं भरीव. फक्त बैठकीत, स्वयंपाकघरातून भांडी द्यायला जी छोटी खिडकी होती तिच्या शेजारी, भिंत पोकळ वाजली.

ती थांबली. पुन्हा वाजवलं, टक टक. आणि आतून कुणीतरी, अगदी हळू, टक टक केल्यासारखं झालं.

"पाइप असेल," साहेब म्हणाले. "चहा घ्या ना."

तिने वळून बघितलं तर त्या छोट्या खिडकीच्या फळीवर चार कप वाफाळत होते. आता नीट ऐका. साहेब तिच्या समोर होते. दोघे मुलगे तिच्या समोर होते. जागचं कुणी हललं नव्हतं. तिने कप उचलला, कुठे टवका उडालाय का ते बघितलं, कपाचं बूडही बघितलं. मग एक घोट घेतला. चहा इतका सुरेख झाला होता की तिच्या तोंडून "वा!" निघून गेलं. साहेबांच्या घरात बायकोचा फोटो नव्हता, बाईमाणसाचं काही दिसत नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. पण चहा कुणी केला, हे काही तिने विचारलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना चहा करून देणारी बाई ती. चहा आपोआप येत नसतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि तीच विचारायची राहिली!

दुसऱ्या घरी जिन्याखालची भिंत पोकळ वाजली. तिथल्या फळीवर इस्त्री केलेल्या कपड्यांची चवड होती. हात लावला तर कपडे गरम. घरातली माणसं दूरदर्शनसमोर आडवी पडून होती, इस्त्री कुठे दिसली नाही. तिने कपड्यांच्या घड्या तेवढ्या बघितल्या. एकही घडी वाकडी नव्हती.

"काम चोख आहे," तिने घरी येऊन सांगितलं. पण बोलताना तिची बोटं भिंतीवर टक टक वाजवत होती, आणि का ते तिला कळेना.

पक्के आले ते भर दुपारी. बारीक अंगाचा, स्वच्छ कपड्यांतला माणूस. हातात टेप नाही, कानावर पेन्सिल नाही. खुर्चीत बसून त्यांनी मान एका बाजूला कलती केली आणि डोळे मिटले.

"बोला," ते म्हणाले.

"आधी लेखी करू या," तपासनीसबाई म्हणाली. "काय बांधणार, कशाने बांधणार, राहिलं तर कोण बघणार, सगळं कागदावर."

"कागदात पळवाटा असतात, बाई. माझ्याकडे पळवाट नाही. तुम्ही बोलायचं, मी ऐकायचं. जे बोलाल ते होईल."

ती अडून बसणार होती. बसायलाच हवं होतं! पण नवऱ्याने कोपराने ढोसलं. "अगं, दोन घरं बघून आलीस ना? आता त्यांची काय परीक्षा घेणार आहेस?" सासरे खाटेवरून खाकरले. नणंद म्हणाली, "वहिनी, पुरे की आता." घरातली माणसं पुरे म्हणाली की तिचं पुरे व्हायचंच.

"घरात माणसं किती?" पक्क्यांनी विचारलं.

तिने बोटांवर मोजलं. "बाबा, हे, वन्सं, लेक. चार."

मग तिने एकेकाचं सांगितलं. आणि काय सांगितलं म्हणता! सासऱ्यांचा हात कुठल्या उंचीवर आधार शोधतो, नणंदेच्या वहीवर सावली कुठून पडते, लेकीला आतून लागणारी कडी कशी हवी, नवऱ्याला चष्म्यांच्या पेट्या ठेवायला फळ्या किती खोल हव्यात. चौघंही ऐकत होती आणि मनात म्हणत होती, हिला हे कसं माहीत?

"अजून काही?" पक्के म्हणाले.

"नाही."

"आणि तुम्ही, बाई? तुमचं काय?"

आता त्यांनी विचारलं होतं, बरं का. उगीच त्या माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही. खिडकी तिच्या अगदी जिभेच्या टोकावर आली. घरातली चौघं तिच्याकडे बघत होती, ऊन फरशीवर पडलं होतं. खिडकी तिथेच राहिली आणि ती हसली.

"माझं काय! मी कुठेही मावते."

पक्क्यांनी डोळे उघडले. तिला आपादमस्तक एकदा बघितलं, शिंप्याने मापाला बघावं तसं. "लक्षात ठेवतो," ते म्हणाले.

काम सुरू झालं आणि तिने कारखान्यातून रजा घेतली. कामावर लक्ष नको का कुणाचं? पण लक्ष ठेवण्यासारखं काही राहायचंच नाही. गवंडी बोलत नसत, हसत नसत, विटेवर वीट ठेवल्याचा आवाजसुद्धा येत नसे. तिने ओळंबा लावून बघितला, भिंत दोऱ्यासारखी सरळ. सिमेंटची पोती ताजी. वाळू चाळलेली. म्हाताऱ्याच्या हाताला जिथे आधार हवा तिथेच दांडी आली. नणंदेच्या खोलीत वहीवर सावली पडेना. लेकीची कडी एका बोटाने लागायला लागली. सगळे खूश.

वर जिना संपतो तिथे, पूर्वेच्या कोपऱ्यात, मात्र कोरी भिंत उभी राहिली.

"इथे खिडकी?" तिने गवंड्याला विचारलं, विचारलं म्हणजे काय, पुटपुटली.

"सांगितली नव्हती," तो म्हणाला.

आता कशाला विषय काढा, असं मनाशी म्हणत ती खाली आली.

खाली बोळात वेगळंच चाललं होतं. वरच्या मजल्याचं वजन पेलायला जुन्या भिंतीला लागून नवी भिंत येणार होती, तिथेच, जिथे ती अंथरूण घालायची. नवी भिंत आणि जुनी भिंत यांच्यामध्ये एक फट उरली होती. स्वयंपाकघराच्या बाजूने ओट्यावर एक भोक, बैठकीच्या बाजूने भांडी द्यायला एक छोटी खिडकी.

"ही फट कशाला?" ती म्हणाली. "इथे धड झाडूही उभा राहायचा नाही."

"पक्क्यांनी सांगितलंय," गवंडी म्हणाला. "इथे एक माणूस मावलं पाहिजे."

तिला हसू आलं. पण तपासनीसच ती! आतलं प्लास्टर कसं झालंय ते बघायला तिने फटीत हात घातला. हात गेला. खांदा घातला, खांदा गेला. मग श्वास आत ओढून ती अंग तिरकं करून शिरली, आणि काय आश्चर्य, ती मावली. नुसती मावली नाही, बेतून शिवलेल्या सदऱ्यासारखी बसली. डावा हात शेगडीला पोचत होता, उजवा नळाला. गार वाटत होतं. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

"अगं, चहा!" बैठकीतून नवऱ्याची हाक आली.

तिने तिथूनच चहा केला आणि तिथूनच छोट्या खिडकीत कप ठेवले. बाहेर यायची गरजच पडली नाही. पुढे पुढे रोज तसंच व्हायला लागलं. कशाला बाहेर या आणि पुन्हा आत जा? तिला उभ्या उभ्या डोळा लागायचा आणि नवल म्हणजे पाय दुखायचे नाहीत. एकदा लेकीने खिडकीतून डोकावून विचारलंही, "आई, तू आता झोपतेस कुठे?"

"आहे गं इथेच. तू अभ्यास कर."

"बरं," म्हणून लेक गेली. पोर तरी काय करणार, आईनेच विषय मिटवला.

मग एका दुपारी ती बाहेर यायला वळली तर शिरायची वाट नव्हती. तिथे प्लास्टर होतं. ओलं नाही, नवं नाही, पहिल्यापासून असल्यासारखं. तिने बोटं फिरवली. तिची ती बोटं, हजारो सदऱ्यांतली चुकलेली शिवण शोधून काढणारी! वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिने चाचपलं. सांधा कुठेच नव्हता.

"अहो!" ती ओरडली. "अहो, ऐकताय का? मी आत अडकलेय!"

"हो हो, आण लवकर," नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला.

"बाबा! मला बाहेर काढा!"

"कमी गोड कर गं सूनबाई," सासरे म्हणाले.

डोळे फुटले होते का मेल्यांचे? कान गेले होते? जगाला चष्मे विकणाऱ्या माणसाला स्वतःची बायको भिंतीत दिसू नये? तर त्यांचं म्हणणं काय असणार, की आवाज येतोय, चहा येतोय, कपडे धुतलेले मिळतायत, मग ती आहेच की घरात! ती ओरडली की ते उत्तर द्यायचे, वर्षानुवर्षं देत आले होते तेच. हळूहळू तिचं ओरडणं कमी झालं. घसा बसला म्हणून नव्हे. तिला भीती वाटायला लागली की आपल्याला इथे सवय होतेय. त्या छोट्या खिडकीतून तिला बैठकीची एक पट्टी दिसायची, आणि पट्टीच्या टोकाला उन्हाचा एक तुकडा. दुपारभर तो सरकताना ती बघत राहायची. खुर्ची आता तिच्या मनातही नीट आठवेना.

काम संपल्यावर पक्के एक जोडपं घेऊन आले. त्यांना घर बांधायचं होतं, आणि ते पक्क्यांचं काम बघायला आले होते. नवरा गप्प, बायको चौकस. बायकोने न्हाणीघरात पाणी ओतलं, दारं लावून बघितली, फरशा वाजवल्या. भिंतीच्या आत तपासनीसबाई कान टवकारून उभी होती. आपल्यासारखीच आहे की ही! बाईची पेरं भिंतीवर वाजत जवळ आली. टक टक. तपासनीसबाईने जिवाच्या आकांताने आतून वाजवलं, टक टक!

"इथे पोकळ आहे का?" बाईने विचारलं.

"पाइप असेल," तपासनीसबाईचा नवरा म्हणाला. "पक्क्यांचं काम म्हणजे बघायला नको. बोललो तेच केलं. कमी नाही, जास्त नाही."

हेच शब्द! तपासनीसबाईने ते साहेबांच्या घरी ऐकले होते. तिला तो फळीवरचा वाफाळता चहा आठवला, गरम कपड्यांची चवड आठवली. आणि तिचे हात मात्र इकडे सवयीने चालूच होते. शेगडी पेटली होती, पाणी उकळलं होतं. तिने कप खिडकीत ठेवले आणि ती डोळे लावून उभी राहिली. विचार गं बाई. एकदाच विचार. समोर सगळे बसलेत, मग हा चहा कुणी केला?

बाईने कप उचलला, बूड बघितलं, घोट घेतला.

"वा!" ती म्हणाली.

"अजून काही राहिलंय का?" पक्क्यांनी घरच्यांना विचारलं. काम सोपवताना ते असं विचारायचे.

नवरा म्हणाला नाही. सासरे म्हणाले नाही. नणंद जरा चुळबुळली. "खोली छान झालीय हो, पण शिकवणीची मुलं वाढलीत. अजून थोडी जागा असती तर..."

"आत्या, माझी खोली घे ना," लेक म्हणाली. "तिथे दहाजण सहज बसतील. माझं काय, मी कुठेही..."

पक्क्यांनी डोळे उघडले आणि लेकीला आपादमस्तक बघितलं.

"नाही मावत!"

भिंतीतून असा आवाज निघाला की सासऱ्यांच्या हातातला कप पडला. तपासनीसबाई दोन्ही मुठींनी भिंत बडवत होती. "नाही मावत! कुणी कुठेही मावत नसतं! खबरदार ते वाक्य पुरं केलंस तर! तुझी खोली तुझी आहे, कडी लावून बस आत! ऐकलंस का?"

"आई?" लेक उठून उभी राहिली. तिने स्वयंपाकघरात बघितलं, बोळाकडे बघितलं. मग तिचा चेहरा पांढरा पडला. "आई, तू कुठे आहेस?"

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. विचारलं म्हणजे असं विचारलं, की उत्तर मिळाल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

पक्के भिंतीपाशी आले आणि मान कलती करून उभे राहिले. "बोला, बाई. तुमचं काय?"

सोपं होतं ना? बोलून टाकायचं. पण शब्द येईना! लेकीसाठी भिंत बडवणाऱ्या बाईची स्वतःसाठी मागताना जीभ टाळूला चिकटली. तिने तोंड उघडलं आणि "काही ना..." एवढं आलंही ओठांवर. मग तिने डोळे गच्च मिटले.

"मला जागा हवी," ती म्हणाली. "माझी. वर जिना संपतो तिथे खिडकी हवी, आणि खिडकीपाशी खुर्ची हवी. आणि घरात माणसं पाच आहेत. चार नाही. पाच!"

"लक्षात ठेवतो," पक्के म्हणाले, आणि त्यांनी हातोडी मागवली.

जिथे शिरायची वाट होती तिथली भिंत एका घावात उतरली. ती बाहेर आली तेव्हा केसांत सिमेंट होतं. लेक तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. नवरा चष्मा काढून पुसत राहिला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "मला वाटलं, तू... म्हणजे चहा येत होता ना," एवढंच तो म्हणाला. त्या घरात तितकं खरं बोलणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. ती त्याच्यावर ओरडली नाही. सासऱ्यांच्या फुटलेल्या कपाचे तुकडे उचलायला ती वाकली, आणि मग सरळ उभी राहिली. तुकडे नणंदेने उचलले.

पक्के निघाले तेव्हा ती त्यांच्या मागे दारापर्यंत गेली. "हे असं करता तुम्ही माणसांचं?"

"मी विचारलं होतं, बाई. मी सगळ्यांना विचारतो."

"आणि ते साहेबांचं घर? तिथे आत कोण आहे?"

"कुणीतरी काही नको म्हणालं होतं," पक्के म्हणाले. त्यांचा चेहरा शांत होता, थोडा दमलेला. "मला तिथे हात लावता येत नाही. शब्द माझा नाही, त्यांचा आहे."

जोडप्यातली बायको अजून अंगणात उभी होती, हात गार पडल्यासारखे चोळत. "ताई," ती म्हणाली, "माझं काय तपासायचं राहिलं हो?"

"पाण्याचा उतार बघा, सिमेंटची तारीख बघा, सगळं लिहून घ्या," तपासनीसबाई म्हणाली. "आणि कुणाच्या घरी काम बघायला गेलात आणि समोर चहा आला, तर आधी विचारा, कुणी केला. घरी गेलात की माणसं मोजा. स्वतःपासून सुरुवात करा."

वरच्या कोपऱ्यात खिडकी झाली. खुर्चीही आली. पण ती पहिल्या दिवशी तिथे जाऊन बसली नाही. दुपारी चपला घालून ती थेट साहेबांच्या घरी गेली.

साहेब तसेच गोलमटोल, तसेच खुशीत. "या या! कसं झालं काम? बोललात तेच केलं ना?" मुलगे बैठकीत होते. ती बसली नाही, नुसती छोट्या खिडकीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने फळीवर कप आले, वाफाळते.

"हा चहा कुणी केला?" तिने विचारलं.

साहेब हसले. "कुणी म्हणजे? झाला की! घ्या, गार होईल."

"समोर तुम्ही तिघं आहात. चहा कुणी केला?"

साहेबांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी थोरल्याकडे बघितलं, थोरल्याने धाकट्याकडे. तिघंही काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होते.

ती भिंतीपाशी गेली. पोकळ जागेवर तिने तळहात टेकवला. भिंत कोमट होती.

"बाई," ती म्हणाली, "मी पण आत होते. मला बाहेर येता आलं. तुम्हाला पण येता येईल. फक्त बोला. तुम्हाला काय हवं?"

आत चमचा वाजत होता, तो थांबला. तिने कान भिंतीला लावला. आत कुणीतरी श्वास घेतला, बोलायला घेतात तसा, आणि तो तसाच धरून ठेवला. बोला हो, बोला, तपासनीसबाई मनात म्हणत होती, तिचे डोळे भरून आले होते. मग आतून आवाज आला. थकलेला, म्हातारा, पण फार अगत्याचा.

"काही नको हो. माझं काय! तुम्हाला साखर किती?"